पेंढ्याचा बोकड



भिवंडी-वाडा रस्त्यावरच्या आमच्या गावाकडे डिसेंबर कसा असतो, हे ठाणे जिल्ह्यातल्या मंडळींना सांगायला नको. भात झोडून कणगीत पडलेले, खळ्याशेजारी पेंढ्याची उडवी रचलेली, शेतातल्या ओलीवर वाल वर आलेला. पहाटे शेकोटीपाशी बसावे आणि नऊ वाजता गोधडी बाजूला टाकावी, एवढीच थंडी. त्याच थंडीच्या हिशोबाने आईने दोन स्वेटर विणून दिले आणि २०२२ साली मी यजमानांबरोबर स्वीडन देशातल्या उप्साला गावी राहायला आले.

स्वेटरांचे काय झाले ते विचारू नका. पण थंडीला निदान कपडा असतो. इथला अंधार निराळा. डिसेंबरात सूर्य सकाळी पावणेनऊच्या पुढे उगवतो आणि दुपारी पावणेतीनला बुडतो. तोही डोक्यावर येत नाही, झाडांच्या शेंड्यांवरून सरकत जातो. तीन वाजता मी देवापुढे दिवा लावायची आणि मग रात्र संपता संपायची नाही. पहिल्या वर्षी अन्नावरची वासना उडाली. कोणाशी बोलावेसे वाटेना. शेजारच्या आजी शेतकऱ्याच्या घरातल्या. त्यांनी माझा चेहरा पाहिला, आणि दुसऱ्या दिवशी खिडकीत ठेवायचा सात दिव्यांचा त्रिकोणी दिवा घेऊन आल्या. मग लक्षात आले, की सगळ्या गल्लीत खिडकीखिडकीत तसे दिवे आहेत. नाताळच्या आधीच्या चार रविवारी इथे एकेक मेणबत्ती वाढवत जातात. १३ डिसेंबरला लुसियाचा सण असतो. पांढरा झगा घातलेली, डोक्यावर दिव्यांचा मुकुट घेतलेली मुलगी सकाळच्या अंधारात गाणी म्हणत येते आणि केशर घातलेले पाव वाटतात. जुन्या पंचांगाप्रमाणे तीच वर्षातली सर्वांत मोठी रात्र मानत. आपल्याकडे संक्रांतीनंतर दिवस तिळातिळाने वाढतो म्हणतात. इथे तो तीळ मिनिटांनी मोजतात.

बर्फ पडल्यावर मला वाटले, आता शेत मेले. आजी हसल्या. उप्सालाच्या सपाट मुलखात गहू सप्टेंबरात पेरतात आणि ऑगस्टात कापतात. मधले महिने तो कोवळा गहू बर्फाखाली निजून असतो. वरून हाडे गोठवणारा वारा असला तरी बर्फाची गोधडी त्याला सांभाळते. बर्फ न पडता नुसतीच कडक थंडी पडली, की इथला शेतकरी धास्तावतो. एवढेच नव्हे, त्या गव्हाला थंडी लागल्याशिवाय ओंबीच धरत नाही.

नाताळचा मुख्य दिवस इथे २४ तारखेचा. त्या दिवसांत घरोघरी शिजते काय, तर तांदूळ! जिथे भाताचे एक रोप उगवत नाही तिथे दुधात तांदूळ शिजवून, वर दालचिनी घालून खातात. त्यात एकच बदाम लपवतात. तो ज्याच्या वाट्याला येईल त्याचे वर्षभरात लग्न ठरणार म्हणे. जुन्या काळी तांदूळ परदेशातून यायचा, महाग असायचा, म्हणून तो सणापुरता. त्यातली एक वाटी, वर लोण्याचा गोळा ठेवून, गोठ्यात ठेवायची रीत होती. गुरे राखणारा एक बुटका म्हातारा गोठ्यात असतो, त्याची ती वाटी. विसरलात तर गुरांना त्रास देतो. हे ऐकताना मला आमच्या शेताच्या बांधावरचा राखणदार आठवला, त्याला नारळ द्यायला बाबा कधी चुकले नाहीत.

ओटची एक जुडी आजींनी गॅलरीबाहेर बांधली, पाखरांसाठी. तीही जुनी रीत. आम्हीही नव्या भाताच्या लोंब्या दारावर बांधतो आणि चिमण्या त्या महिनाभरात रिकाम्या करतात.

आगगाडीने तासाभरावर येव्हले नावाचे शहर आहे. तिथे १९६६ पासून नाताळात चौकात पेंढ्याचा प्रचंड बोकड उभा करतात, सुमारे तेरा मीटर उंच. पहिलाच बोकड वर्षअखेरच्या रात्री कोणी तरी पेटवला, आणि तेव्हापासून तो किती तरी वेळा जळाला आहे. २०२३ च्या डिसेंबरात आम्ही पाहायला गेलो, तर त्याच्यावर कावळ्याच्या जातीची छोटी पाखरे तुटून पडलेली. त्या वर्षी सुगीला पाऊस लागला, मळणी नीट झाली नाही आणि काडात दाणे राहून गेले. मी बाबांना फोटो पाठवला. बाबा म्हणाले, "बराबर झोडला नाय त्यांनी पेंढा!"

बाबा हसल्याचे मी बऱ्याच दिवसांनी ऐकले होते. आमच्या शेताच्या तिन्ही बाजूंना आता गोदामे उभी आहेत. गुरे विकली. उडवी रचतात, पण पेंढा न्यायला ट्रक येत नाही. दादा म्हणतो, विकून टाकू. त्याचेही खोटे नाही, त्याला दोन मुलांचे शिक्षण आहे. २००५ च्या कायद्याने माझाही बरोबरीचा हिस्सा, म्हणून यंदा दिवाळीनंतर त्याने कुलमुखत्यारपत्राचा मसुदा पाठवला. स्टॉकहोमला आपल्या वकिलातीत जाऊन सही करायची आहे.

काल बाबांना फोनवर विचारले, तुम्ही काय म्हणता? ते म्हणाले, "वाल चांगला आलाय." मग थोड्या वेळाने विचारले, तिकडे त्या आजी पाखरांना अजून जुडी बांधतात का.

बांधतात म्हटले. कागद टेबलावर आहे. बाहेर अडीच वाजलेत, दिवा लावायला हवा.