घुमटाखालची विहीर

गोवा म्हणजे फक्त बीच? मग ओल्ड गोवा राहूनच जातं. बॉम जेझूसपाशी फोटो काढून बहुतेक जण परत फिरतात. तुम्ही मात्र मांडवीच्या दिशेनं थोडं चाला. सेंट कॅजेटन चर्च दिसेल. १७ व्या शतकात थिएटाइन पाद्र्यांनी ते रोमच्या सेंट पीटर्सच्या धर्तीवर बांधलं. आत मान आपोआप वर जाते; पण जरा खालीही बघा. घुमटाच्या बरोबर खाली झाकलेली विहीर आहे! बाहेर आदिलशाही राजवाड्याचा नुसता दरवाजा उरलाय. साथींनी ही गजबजलेली राजधानी रिकामी केली. १८४३ मध्ये पणजी राजधानी झाली. आपल्या शहराच्या गर्दीला रोज शिव्या घालणाऱ्या मला इथली शांतता चक्क टोचली.