समुद्राची चौथाई

मे महिना लागला की आमच्या अलिबागच्या घरात भिंतीवरच्या घड्याळाकडे कुणी बघेनासं व्हायचं. लंबक हलत असे, टोले पडत असत. पण आम्हा अकरा भावंडांनी कधी उठायचं, कधी जेवायचं आणि समुद्रावर कधी जायचं हे ठरायचं तिथीवर. पहाटे ओटीवरच्या झोपाळ्याची कडी करकरली की आमच्यातला जो जागा असेल तो पांघरुणातूनच विचारी, "तात्या, आज काय?" आणि आजोबा पंचांग न उघडता सांगत, "षष्ठी. काढा वेळ."

वेळ काढायची रीत आम्हाला बेरजा-वजाबाक्यांच्या बरोबरीने शिकवलेली होती. तिथीचे चार भाग करायचे, त्यातला एक सोडायचा, उरेल तितक्या वाजता भरती. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ, पौर्णिमेला सव्वाअकरा. त्यात सहा तास मिळवले की ओहोटी. रोज तिथी एकाने वाढते आणि भरती पाऊण तासाने पुढे सरकते, एवढंच त्यातलं मर्म. कोकणात हा हिशेब 'तिथीची पाऊणपट' म्हणून पुष्कळांना ठाऊक असतो. तात्यांचा शब्द वेगळा होता. "समुद्राला चौथाई द्या," ते म्हणत, "बाकीचं तुमचं." षष्ठीची चौथाई दीड, उरले साडेचार, म्हणजे ओहोटी साडेदहाला. अंगठा बोटांच्या पेरांवरून फिरवत सगळ्यांत आधी उत्तर देणाऱ्याला त्या दिवशीचा पहिला आंबा मिळे.

आम्ही यायचो चहूकडून. दादर-ठाण्याची पाच जणं भाऊच्या धक्क्यावरून लाँचने रेवसला उतरत आणि तिथून एसटीने अलिबागला. पुण्याची चौघं खोपोली-पेणवरून धूळ खात येत. आत्याची दोघं गावातलीच, म्हणून सुट्टीभर त्यांचा रुबाब असे. आमच्या लहानपणी शाळेच्या नकाशात जिल्ह्याचं नावच कुलाबा होतं; १९८१ साली ते रायगड झालं. कुलाबा म्हणजे आमच्यासाठी समोर पाण्यात उभा असलेला किल्ला, भरतीला बेट आणि ओहोटीला शेजारचं अंगण.

तिथीगणिक सुट्टीचा रंग पालटायचा. अष्टमीच्या आसपास भांगाचं पाणी असे, फार चढत नसे आणि फार उतरतही नसे. त्या दिवसांत समुद्रात डुंबायची परवानगी मिळे, तीही पाणी वर येत असतानाच. "येत्या पाण्यात आंघोळ, जात्या पाण्याला नमस्कार," हा माईचा, म्हणजे आजीचा, नियम. ओहोटीची ओढ पायाखालची वाळू कशी काढून नेते ते तिने आम्हाला प्रत्येकाचा हात धरून, घोट्याएवढ्या पाण्यात उभं करून दाखवलं होतं. त्यानंतर त्या नियमावर कुणी वाद घातला नाही.

पौर्णिमा-अमावास्येला उधाण. सकाळी अकराच्या सुमाराला लाटा सुरूच्या बनाकडे झेपावत आणि संध्याकाळी सव्वापाचला तेच पाणी इतकं मागे जाई की एरवी न दिसणारे खडक उघडे पडत. मग डबे, चाळण्या, माईचं जुनं पातेलं घेऊन आमची फौज निघे. खडकांतल्या डबक्यांत बोटाएवढे मासे अडकलेले असत, त्यांच्याशी खेळून त्यांना परत खोल पाण्यात सोडायचं. ओल्या वाळूवर बारके खेकडे मोहरीएवढ्या गोळ्यांची नक्षी मांडून ठेवत. ती न मोडता पलीकडे जाण्याची आमची शर्यत लागे. कोळणी खडकांवर बसून कालवं काढत. त्यांच्या हातातली कोयती खडकावर टकटक वाजली की आम्ही भोवती कोंडाळं करायचो. त्यातल्या एक मावशी उठताना नेहमी म्हणत, "सुकती सरली रे, घरी पळा." पाणी फिरल्याचं त्यांना कशावरून कळे ते आम्हाला दिसत नसे. पाठ समुद्राकडे असायची आणि तरी त्यांना कळायचं.

पण सगळ्या सुट्टीचा राजा दिवस म्हणजे चतुर्थी. हिशेब बघा: चाराची चौथाई एक, उरले तीन, भरती तीनला आणि ओहोटी सकाळी नऊला. किल्ल्यात सिद्धिविनायकाचं देऊळ आहे, राघोजी आंग्र्यांनी १७५९ साली बांधलेलं. गणपतीच्या तिथीलाच समुद्र सकाळी वाट मोकळी करून देतो, आणि पौर्णिमा-अमावास्या चारच दिवस मागे पडलेली असल्याने पाणी चांगलं खोलवर सरकतं. आम्हाला लहानपणी वाटे, ही सोय बाप्पानेच करून ठेवली आहे. संकष्टीला सकाळी कधी तृतीयाच असे, मग तात्या पाऊण तास आधी उठवत.

आठ वाजता घर निघे. पुढे तात्या, हातात काठी. मग काका, आत्या. मधे आम्ही, कडेला धाकटी. चपला हातात. ओल्या वाळूचा गारवा, मग खडक, मग घोटाभर पाणी, कुठे गुडघाभर. शेजारून पाणी उडवत घोडागाडी गेली की आम्ही ओरडत असू, पण आम्ही मात्र चालतच जायचं हा दंडक होता.

महादरवाजाशी पोचलो की तात्या थांबत. दगडावरचे हत्ती, मोर आणि वाघ ज्याने त्याने शोधायचे. मग तटाला हात लावायला लावत. मोठाले दगड नुसते एकमेकांवर रचलेले, मधे चुना नाही. लाट आदळली की पाणी सांध्यांतून आत शिरतं आणि तिचा जोर तिथेच विरतो. "ताठ उभी भिंत लाट पाडते," तात्या म्हणत, "वाट देणारी राहते." शिवाजी महाराजांनी १६८० साली आयुष्याच्या अखेरच्या दिवसांत या किल्ल्याचं काम काढलं, संभाजी महाराजांनी पुढच्या वर्षी ते पुरं केलं, आणि कान्होजी आंग्र्यांनी इथून दर्यावर हुकूम चालवला. १७२१ साली इंग्रज आणि पोर्तुगीज मिळून चालून आले, तरी आंग्र्यांचं हे ठाणं त्यांच्या हाती लागलं नाही. हे सगळं आम्ही पुस्तकात वाचायच्या आधी ऐकलं ते तटावर पाय सोडून, दडपे पोहे खात. बुरूज सतरा, आमची मोजणी कधी सोळा भरे, कधी अठरा, आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू होई. चाकांच्या गाड्यावरच्या दोन मोठ्या तोफांशी मुलगे रेंगाळत. चारी बाजूंनी खारं पाणी असताना किल्ल्यातलं पाणी गोडं कसं, हे कोडं आम्हाला दरवर्षी नव्याने पडे.

माई घराबाहेर पडायची ती याच दिवशी. एरवी सोळा-सतरा माणसांचा स्वयंपाक, वालाचं बिरडं सोलणं, फणस फोडणं, पापडांची राखण यांत तिची सुट्टी संपे. चतुर्थीला ती नऊवारीचा काष्टा घट्ट करून पाण्यातून अशी झपझप चाले की काका मागे पडत. देवळात दर्शन झालं की तटावर एकटी बसे, पदर वाऱ्यावर सोडून. तेव्हा आम्ही तिला बोलवायला धावत असू, 'माई, हे बघ, माई, ते बघ' करत. आमची सहल होती, तिची मात्र वर्षातली एकुलती मोकळीक होती. हे समजायला आम्हा बहिणींना स्वतःचे संसार मांडावे लागले. आज वाटतं, तो अर्धा तास आपण तिला एकटं राहू द्यायला हवं होतं.

किल्ल्यातून साडेदहाला निघायचं म्हणजे निघायचं. एका वर्षी आम्ही चौघं उत्तरेकडच्या सर्जेकोटाच्या बाजूला शंख वेचत गुंगलो. परत आलो तेव्हा अकरा वाजून गेले होते. तात्यांनी बाकीच्यांना काकांबरोबर पुढे धाडलं होतं आणि स्वतः दरवाजाशी थांबले होते. आता ओरडा बसणार म्हणून आम्ही माना खाली घातल्या. ते म्हणाले, "बसा. बघा आता."

आम्ही बघत बसलो. ज्या वाळूवर आमची पावलं उमटली होती ती आधी चमकली, मग बुडाली. मधल्या खडकांची बेटं झाली, बेटांचे ठिपके झाले, आणि बाराच्या सुमाराला समोर नुसता समुद्र उरला. माई तिकडे काठावर उभी असलेली ठिपक्याएवढी दिसत होती. देवळातलं खोबरं-साखर आणि गोडं पाणी एवढ्यावर दुपार काढली. तीन वाजता, भर भरतीला, ओळखीच्या एका कोळीमामांनी होडी आणली. होडीत तात्या एवढंच बोलले, "समुद्र कुणावर रागवत नाही आणि कुणासाठी थांबतही नाही. वेळ आपण सांभाळायची." आमच्यातला एक जण पुढे रेल्वेत लागला, एक बहीण परिचारिका झाली, दोघंही आपल्या कामातल्या वक्तशीरपणाचं मूळ त्या दुपारीच आहे, असं सांगतात.

दोन-तीन वर्षांतून एकदा थळहून होडीने खांदेरीला जाणं होई. तिथे ओहोटीचा उपयोग नाही, बेट खोल पाण्यात. १६७९ साली इंग्रजांची जहाजं वेढा घालून असताना मायनाक भंडाऱ्यांच्या माणसांनी लहान होड्यांतून रसद पोचवत इथे तट उभारला, ही गोष्ट होडीतच ऐकायची, म्हणजे हलत्या पाण्यात ती अंगावर येते. बेटावर १८६७ सालचं दीपगृह, कोळ्यांच्या श्रद्धेचा वेताळ, आणि एक नवलाचा दगड, ज्यावर दुसऱ्या दगडाने वाजवलं की भांड्यासारखा नाद उमटतो. अकरा जणांनी रांग लावून तो वाजवायचा आणि प्रत्येकाने आपलाच नाद सगळ्यांत चांगला आला असं मानायचं. २०२५च्या जुलैमध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत मराठ्यांचे बारा किल्ले गेले आणि त्यांत खांदेरीचं नाव आलं, तेव्हा परदेशातल्या धाकट्या भावाने आम्हा सगळ्यांना पहिला निरोप पाठवला तो एवढाच: "आपला वाजणारा दगड!"

आता आमची नातवंडं मोबाइलवर भरतीची मिनिटं पाहतात, आणि ती अचूक असतात. आम्हीही पाहतो, जीव मोठा असतो, अंदाजावर विसंबू नये. तरी निघण्याआधी आम्ही त्यांना पेरांवर हिशेब करायला लावतो. पडद्यावर वेळ वाचली की वेळ कळते. चौथाई सोडून ती काढली की वर चंद्र कुठे आहे आणि खाली पाणी कुठे आहे, ते दोन्ही एकदम ध्यानात येतं.

तात्या गेले ते पावसाळा सरल्यावर. अस्थी समुद्रातच सोडायच्या, हे त्यांनी कधीच सांगून ठेवलं होतं. आदल्या रात्री ओटीवर सगळे जमलो, झोपाळा रिकामा होता. गुरुजींनी विचारलं, उद्या दशमी, किती वाजता निघायचं? कुणी उत्तर दिलं नाही. मान वर करून पाहिलं तर अकराही जणांचे अंगठे पेरांवरून फिरत होते. दहाची चौथाई अडीच, उरले साडेसात. साडेसातला भरती पुरी होणार, मग पाणी परतीला लागणार आणि दिलेलं सोबत घेऊन जाणार.

"आठला," आम्ही सगळे एकदमच म्हणालो.