दोन्ही बाजू सारख्याच

मेंदूचा स्कॅन वाचायला शिकताना पहिला धडा मिळतो तो डावी-उजवी बाजू ताडून पाहण्याचा. गाठ असो, रक्तस्राव असो की पक्षाघात, दोष बहुधा एका बाजूला असतो आणि शेजारच्या निरोगी बाजूमुळे उघडा पडतो. अ‍ॅक्यूट नेक्रोटायझिंग एन्सेफॅलोपॅथी, म्हणजे एएनई, नेमकी इथेच चकवते. यात मेंदूच्या मध्यभागातले दोन्ही थॅलॅमस एकाच वेळी आणि जवळपास सारखेच बिघडतात. सुरुवातीच्या सीटी स्कॅनमध्ये दोन्हीकडे फक्त किंचित काळपटपणा असतो. घाईत पाहणाऱ्याला सगळं ठीकच वाटतं.

जपानमधले मिझुगुची आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये या आजाराचं सविस्तर वर्णन केलं. रुग्ण बहुतेक लहान मुलं. आधी फ्लूसारखा ताप, एक-दोन दिवसांत आकडी, मग बेशुद्धी. पाठीतलं पाणी तपासलं तर त्यात प्रथिनं वाढलेली असतात, पेशी मात्र वाढलेल्या नसतात. जपानी मेंदूज्वरात विषाणू मेंदूत शिरून पेशी मारतो. एएनईमध्ये घात होतो तो बहुधा शरीराच्या प्रतिकारातून. सायटोकाइन रसायनांचा लोंढा सुटतो आणि मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्या झिरपू लागतात. काही कुटुंबांत आरएएनबीपी-२ या जनुकात दोष असतो. तिथे हा आजार पुन्हा उलटू शकतो.

एमआरआयवर हा घटनाक्रम जणू लिहून ठेवलेला दिसतो. डिफ्युजनच्या चित्रात थॅलॅमसमध्ये, आडव्या चिरलेल्या कांद्यासारखी, एकात एक कडी उमटतात. केंद्रात मेलेला भाग आणि रक्तस्राव, त्याभोवती सुजलेल्या पेशींचं कडं, सर्वांत बाहेर वाहिन्यांतून झिरपलेलं पाणी. रक्तस्राव टिपणाऱ्या सिक्वेन्सवर मधोमध काळे ठिपके दिसतात. मग माझी नजर लगेच खाली मेंदूच्या देठाकडे जाते. देठ बिघडला असेल, तर पुढची वाट फार अवघड असते.

पुण्याला हा विषय परका नाही. २००९ मध्ये स्वाइन फ्लूचा देशातला पहिला बळी याच शहरात गेला, आणि त्या साथीनंतर याच विषाणूमुळे झालेल्या एएनईच्या नोंदी जगभरातून आल्या. आपल्याकडे दर पावसाळ्यात येणारा डेंग्यूही क्वचित हेच रूप घेतो. २०२० मध्ये अमेरिकेतल्या डेट्रॉइटमधून कोविडच्या रुग्णाची नोंद आली. विषाणू कोणता हे शोधायला आपल्या शहरात राष्ट्रीय विषाणू संस्था आहे. पण त्या अहवालासाठी उपचार थांबवून चालत नाही. खात्रीचा इलाज अजून नाही. तरीही ज्या मुलांचा देठ शाबूत होता, त्यांना पहिल्या चोवीस तासांत स्टेरॉइड मिळालं तेव्हा निकाल अधिक चांगले आले, असं जपानी डॉक्टरांना २००९ मध्ये आढळलं.

म्हणून अशा वेळी रिपोर्ट टाइप होईपर्यंत थांबू नये. स्कॅन सुरू असतानाच फोन उचलून उपचार करणाऱ्या डॉक्टरांना सांगावं, हे मी माझ्या प्रत्येक विद्यार्थ्याला बजावतो. आणि आईवडिलांना कळकळीनं सांगतो: तापात आकडी येऊन गेल्यावर मूल नीट शुद्धीवर येत नसेल, ओळख देत नसेल, तर सकाळची वाट पाहू नका. मुलांचा अतिदक्षता विभाग आणि एमआरआय असलेलं रुग्णालय त्याच रात्री गाठा.