चार पावलांवरचा खड्डा

शाळेमागच्या माळावर आम्ही सहाशे झाडं लावली तेव्हा पेपरात माझा फोटो आला होता. हातात गिरिपुष्पाचं रोप, मागे उन्हानं लाल झालेली पोरं. ते कात्रण कित्येक वर्षं टेबलाच्या काचेखाली होतं. गेल्या वर्षी मी ते काढलं.

बारामती-इंदापूरकडच्या अवर्षणग्रस्त पट्ट्यात मी तीस वर्षं विज्ञान शिकवलं. ‘अनुक्रमण’ हा माझा हातखंडा विषय. फळ्यावर जिना काढायचा: खालच्या पायरीवर उघडा खडक, मग दगडफूल, मग गवत, झुडपं आणि सगळ्यात वर घनदाट जंगल. मुलांना पटकन कळायचं. मलाही तो इतका पटला होता की खिडकीतून माळ दिसला, की वाटायचं, हा बिचारा तिसऱ्याच पायरीवर अडकलाय. याला हात देऊन वर ओढला पाहिजे. सातबाऱ्यावर ‘पोटखराबा’, सरकारी कागदावर ‘पडीक’, माझ्या फळ्यावर ‘तिसरी पायरी’. तिघांचं मत एकच.

मे महिन्यात खड्डे खणत होतो. एक मुलगा ओरडला, “सर, थांबा!” कुदळीपासून वीतभर अंतरावर मुरमात दोन अंडी होती. घरटं नाही, काडी नाही. मातकट रंगावर काळपट शिंतोडे. नजर हलली की पुन्हा सापडू नयेत अशी. थोड्या अंतरावर धाविक पक्ष्याची जोडी दोन पावलं पळायची, थबकायची, पुन्हा पळायची. मी मुलांना अधिवास म्हणजे काय ते तिथंच समजावून सांगितलं. मग खड्डा चार पावलं सरकवला आणि काम पुढे चालू केलं. त्या दिवशी स्वतःवर फार खूश होतो. आठवड्यानं पाहिलं तर अंडी नव्हती. कोणी नेली कोण जाणे, पण पक्षीही पुन्हा दिसले नाहीत. ज्याला चहूकडे उघडं रान लागतं, त्याला मी चार पावलं दिली होती.

टँकरच्या पाण्यावर झाडं जगली. त्यांच्या सावलीतलं पवन्या आणि मारवेल गवत विरळ झालं, पाणी अडवायला खणलेल्या सलग समतल चरांत त्याची जुनी मुळं उपटली गेली. दरवर्षी दिवाळीनंतर येणारे धनगर माळाच्या कडेलाच थांबले. त्यांच्यातल्या एक आजी म्हणाल्या, “गुर्जी, सावली केलीत, ब्येस झालं. पर मेंढरं काय सावली खात्यात व्हय?” मी हसून वेळ मारून नेली.

उत्तर शोधायला निवृत्तीनंतर पुस्तकं उघडली, आणि पहिला धक्का मला माझ्याच जिन्यानं दिला. अनुक्रमणाची कल्पना १९१६ मध्ये सविस्तर मांडणारा अमेरिकन शास्त्रज्ञ फ्रेडरिक क्लेमेंट्स स्वतः नेब्रास्काचा, म्हणजे प्रेअरीतला. तिथल्या हवामानात गवताळ प्रदेश हीच शेवटची अवस्था, असं तो मानायचा. जिना सगळीकडे जंगलातच संपवायची घाई माझी होती. क्लेमेंट्सच्या मतांशी वाद घालताना आर्थर टान्सली या इंग्रज शास्त्रज्ञानं १९३५ मध्ये ‘इकोसिस्टीम’ हा शब्द वापरात आणला. सजीवांबरोबर माती, पाणी, हवामान हे सगळं मिळून एक संस्था, असा त्याचा अर्थ. ‘परिसंस्था’ची ही व्याख्या मी वर्षानुवर्षं फळ्यावर लिहून दिली; खिडकीबाहेर ती पसरली होती, तिकडे मात्र पाहिलं नाही.

आमच्याकडे पाऊस पाचशे मिलिमीटरच्या आसपास, बेसाल्टवर मातीचा थर पातळ. इथं गवतच तगतं. पायमोज्यांत घुसणाऱ्या कुसळाला मी आयुष्यभर शिव्या दिल्या. आता एक कुसळ तळहातावर घेऊन पाण्याचा थेंब टाकतो. त्याची शेपटी पीळ उलगडत गरागरा फिरते. पहिल्या पावसात बी अशीच स्वतःला जमिनीत रोवून घेते. लांडगा, चिंकारा, चंडोल, हिवाळ्यात गवतात रात्र काढणारे भोवत्या पक्षी, सगळे या उघड्यावरच जगतात. आणि वनाच्छादन मोजताना निदान दहा टक्के झाडांचं छत्र लागतं. नुसतं गवत त्या हिशोबात शून्य.

मी वृक्षारोपणाच्या विरोधात गेलेलो नाही. ओढ्याकाठी, बांधावर, गावात आजही झाडं लावतो. माळावर मात्र कुणी कुदळ घेऊन निघालं, तर आधी जूनपासून दिवाळीपर्यंत नुसतं बघायला या, म्हणतो.

ती सहाशे झाडं अजून उभी आहेत. ती काढा, असं ग्रामसभेत म्हणायला मी दोनदा उठलो आणि दोन्ही वेळा खाली बसलो. ज्यानं लावली त्यानंच तोडा म्हणायचं, तर लोक काय म्हणतील? मत बदललं आहे. तेवढं धाडस अजून आलेलं नाही.