काटा पडला, चोर सापडला

जुनी गाडी चालता चालता बंद पडत असेल तर पेट्रोलपंप, कार्ब्युरेटर सगळं राहू द्या, आधी टॅकोमीटरकडे बघा! हे कळल्यापासून भेटेल त्याला मी एवढंच सांगत सुटलोय. बायकोनं ऐकून घेतलं, ऑफिसातल्यांनी ऐकल्यासारखं केलं, आता तुमची पाळी.

गाडी आहे एमजीबी रोडस्टर, १९६९ची. इंग्लंडात अ‍ॅबिंग्डनच्या कारखान्यात १९६२पासून १९८०पर्यंत ही गाडी बनत होती आणि एकूण पाच लाखांहून जास्त बनल्या. म्हणजे इथं इंग्लंडात राहणाऱ्याला ती मिळणं काही दुर्लभ नाही. तरी माझ्या दारात उभी राहिल्यावर मी वेडा झालो. दोन सीट, दोन कार्ब्युरेटर, लांबलचक बॉनेट, आणि सीटच्या मागे सहा-सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या जोडून केलेले बारा व्होल्ट! (हे कुणाला सुचलं असेल?)

फक्त एक खोड. राउंडअबाउट जवळ आला, अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय काढला, क्लच दाबला की इंजिन गप्प. दर वेळी नाही, लहर लागेल तेव्हा. मागचा हॉर्न वाजवेपर्यंत सेल्फ मारावा तर पहिल्या फटक्यात चालू. कधी बंद न पडता नुसता सायलेन्सरमधून एक फटाका फुटायचा.

कोल्हापूरला मामाला फोन लावला. मामानं उभी हयात अ‍ॅम्बेसेडर खोलण्यात घालवली. मी इंजिनाचं वर्णन करू लागलो तर म्हणाला, "मला काय सांगतोस, ते माझंच इंजिन हाय!" आणि खरंच की! अ‍ॅम्बेसेडर म्हणजे मुळातली मॉरिस ऑक्सफर्ड, आणि तिच्यात बसायचं ते बीएमसीचं बी-सिरीज इंजिन, १४८९ सीसीचं. माझ्या लाल स्पोर्ट्स कारमध्ये त्याच घराण्यातलं १७९८ सीसीचं! ज्या टॅक्सीतून आम्ही लग्नाला जायचो तिचा हा सख्खा भाऊ, नुसता कपडे बदलून आलेला.

मामानं एकच प्रश्न विचारला. "मरत्या कशी? खोकत खोकत, का मुंडी पिरगाळल्यागत?"

या प्रश्नात अर्धं निदान आहे! पेट्रोल कमी पडलं तरी कार्ब्युरेटरच्या वाटीत थोडं शिल्लक असतंच. ते संपेपर्यंत इंजिन मिसिंग करतं, आचके देतं, दमतं आणि मग थांबतं. करंट गेला तर क्षणात सगळं संपतं. माझी गाडी खोकत नव्हती. "मग करंट बघ," म्हणाला आणि जेवायला गेला.

पण करंट जातो तो गाडी चालू असताना, आणि बॉनेट उघडून बघावं तर सगळं जागच्या जागी! मग मी वायरिंगचा नकाशा पसरला, आणि त्यात दिसलं की कॉइलकडे जाणारी पांढरी वायर आधी इंजिनाचे फेरे दाखवणाऱ्या टॅकोमीटरच्या पाठीशी जाते, तिथं एक वळसा घेते आणि मग पुढं जाते. म्हणजे या काट्याचं इंजिनाशी थेट नातंच नाही. तो मोजतो करंटचे ठोके! डिस्ट्रिब्युटरमधले पॉइंट उघडले की कॉइलचा करंट तुटतो, तुटला की कॉइलमधून हजारो व्होल्ट प्लगकडे झेपावतात. इंजिन ३,००० आरपीएमला फिरताना हे सेकंदाला १०० वेळा होतं. पंधरा थाऊच्या (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) फटीत, सेकंदाला शंभर वेळा, पन्नास-पंचावन्न वर्षं!

तर युक्ती अशी. रिकामा रस्ता, तिसरा गिअर, पाय काढायचा पण क्लच दाबायचा नाही. चाकं इंजिनाला फिरवत राहतात. अशा वेळी पेट्रोल तुटलं तर काटा फिरणाऱ्या इंजिनाबरोबर निवांत उतरेल. करंट तुटला तर?

काटा धाडकन शून्यावर! गाडी धावतेय, इंजिन फिरतंय, आणि काटा सांगतोय की इंजिन बंद आहे! पुढच्या क्षणी तो टुणकन वर आला आणि मागे फटाका वाजला. म्हणजे करंट नसताना न जळलेलं मिश्रण सायलेन्सरमध्ये साठत होतं, आणि करंट परतला की तिथंच पेटत होतं. फटाक्याचंही कोडं सुटलं! मी गाडीत एकटाच ओरडलो.

आता जागा शोधायची. पाय काढल्यावर गाडीत हलतं काय? डिस्ट्रिब्युटरच्या आतली प्लेट! कार्ब्युरेटरकडून येणारी व्हॅक्यूमची नळी ती प्लेट ओढून स्पार्क आधी आणते, आणि थ्रॉटल मिटला की सोडून देते. प्लेटवर पॉइंट बसलेले, आणि बाहेरच्या टर्मिनलपासून त्यांच्यापर्यंत बोटभर लांबीची एक वायर, जी दर वेळी प्लेटबरोबर वाकते.

इंजिन बंद ठेवून कॅप काढली, रोटर काढला. मल्टिमीटर बीपवर ठेवून एक टोक टर्मिनलला, दुसरं पॉइंटच्या पट्टीला लावलं. बीप अखंड. मग नळी कार्ब्युरेटरकडून सोडवून तोंडात धरली (पेट्रोलची चव जिभेवर संध्याकाळपर्यंत होती) आणि ओढली. प्लेट सरकली. सोडली, प्लेट परत आली, आणि येता येता बीप अडखळली! पुन्हा ओढली, सोडली, पुन्हा अडखळली. वरचं आवरण अगदी धडधाकट, म्हणून नुसत्या डोळ्यांना काही दिसेना. ब्लेडनं सोललं तर आतल्या तांब्याच्या तारा जवळजवळ सगळ्या तुटलेल्या. उरलेल्या दोन-चार तारांवर एवढी गाडी चालत होती.

नवी वायर तयार मिळते, बारीक तारांची, लवचिक, दोन कॉफीच्या पैशांत. ती बसवली, पॉइंटची फट फिलर गेजनं पुन्हा लावली. गाडीवेडे मित्र म्हणतात, पॉइंट काढून टाक, इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसव, कटकट मिटेल. मिटेलही! पण मग नळी तोंडात धरून काय ऐकायचं?

मामाला बीपचा व्हिडिओ पाठवला. त्यानं शाबासकी वगैरे काही दिली नाही. लिहिलं, "पेट्रोलपंपात बी पॉइंट असत्यात. उघडून बघ." असतात! मागच्या चाकाजवळ टिकटिकणाऱ्या त्या इलेक्ट्रिक पंपातही पॉइंट असतात! शनिवारी गाडी जॅकवर चढतेय.