पोट आणि मन

भीतीने पोटात गोळा येतो, गुपित पोटात ठेवावे लागते आणि मोठ्या माणसाच्या पोटात माया असावी लागते. आमच्या शिरूर तालुक्यात मनाचा बराचसा कारभार असा पोटाच्या नावावरच चालतो. शाळेची पायरी न चढलेली माझी आजीही असेच बोलते. आता शास्त्रज्ञही मनाचा शोध घेत पोटापर्यंत आले आहेत.

आपल्या आतड्यांत अब्जावधी जिवाणू नांदतात. पुण्याच्या नॅशनल सेंटर फॉर सेल सायन्समधील संशोधकांनी इतरांसह एकत्र कुटुंबांतील तीन पिढ्यांचे जिवाणू तपासले. हा अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध झाला. एकाच छपराखाली राहूनही वयाप्रमाणे जिवाणूंचे प्रमाण बदललेले आढळले. म्हणजे पोटातही एक गावच वसलेले असते!

या गावाची बातमी मेंदूला कशी कळते? एक वाट म्हणजे व्हेगस नावाचा मज्जातंतू. दौंड जंक्शनाप्रमाणे त्यावरून दोन्ही दिशांनी ये-जा चालते. मात्र त्याचे बहुतेक धागे खालची खबर वर नेतात. २००४ साली जपानी संशोधकांना दिसले, की जिवाणूंविना वाढवलेले उंदीर कोंडून ठेवल्यावर अधिक ताण घेतात. लहानपणीच योग्य जिवाणू दिले तर तो ताण आटोक्यात राहतो. २०१६ साली आयर्लंडमध्ये तर अशा उंदरांच्या मेंदूतील भीतीशी निगडित भागाचा आकारच मोठा आढळला.

हे वाचताना मला दौंडचे मामा आठवले. हसतमुख माणूस एकाएकी अबोल झाला, जेवेना, झोपेना. कोणी अंगारा आणला, कोणी म्हणाले, "मन घट्ट कर." ताप आलेल्याला कोणी "अंग घट्ट कर" असे सांगते का? घरात कॉलेजात जाणारी मी पहिलीच. म्हणून समजावण्याचे काम माझ्याकडे आले. मामा डॉक्टरांकडे गेले, औषध नेमाने घेतले आणि हळूहळू पुन्हा बोलू लागले.

उंदीर म्हणजे माणूस नव्हे. वाटीभर ताक पिऊन उदासी जाते, असे कोणी सांगितले तर विश्वास ठेवू नये. परंतु मनालाही शरीर असते, एवढे या संशोधनातून नक्कीच उमगते. मग पोटाच्या दुखण्याची लाज वाटत नाही, तर मनाच्या दुखण्याची का वाटावी?