जुन्या मोटारीचा सांभाळ

जुनी वस्तू विकत घेणे आणि जुनी वस्तू सांभाळणे ही दोन निरनिराळी कामे आहेत. पहिल्याला पैसा पुरतो. दुसऱ्याला पैशाबरोबर वेळ, हात आणि बराचसा निग्रह लागतो. गेली तीन वर्षे मी हे दुसरे काम करीत आहे. समाजातील काही भगिनींनी त्याविषयी मला वेळोवेळी, कधी कुतूहलाने तर कधी काळजीने, विचारले आहे. त्या सर्वांना एकदाच उत्तर द्यावे म्हणून हा लेख लिहावयास घेतला.

प्रथम वस्तूची ओळख करून देते. ती १९७१ सालची एम.जी.बी. नावाची इंग्रजी मोटार आहे. दोनच माणसे बसतील एवढी, ठेंगणी, वर पत्र्याऐवजी कापडी टप असलेली. टप मागे दुमडला की डोक्यावर थेट आकाश. येथे न्यू जर्सीत एका वृद्ध गृहस्थांनी दृष्टी मंदावल्यामुळे ती विकावयास काढली होती. उन्हाळी वर्गांना शिकवून साठविलेल्या पैशांतून मी ती ६,००० डॉलरना घेतली. पन्नाशी उलटलेल्या शिक्षिकेने उघडी मोटार घ्यावी हे आमच्या घरी लगेच रुचले नाही. माझे पती म्हणाले, "या रकमेत एखादी शहाणी मोटार आली असती." त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. परंतु शहाण्या मोटारीचे बॉनेट उघडले असता मला त्यातले काही कळत नाही, आणि या मोटारीतले कळते. त्याचे कारण मुंबईत आहे.

माझे मामा मुंबईतील एका सरकारी मोटारखान्यात मिस्त्री होते. साहेब लोकांच्या अ‍ॅम्बॅसेडर गाड्या त्यांच्या हाताखालून जात. सुटीच्या दिवशी ते ओळखीच्यांच्या गाड्या चाळीच्या दारात दुरुस्त करीत, आणि पाने हातात देण्याचे काम माझ्याकडे असे. आता गंमत पाहा. एम.जी. ही अक्षरे 'मॉरिस गॅरेजेस' या नावाची आहेत, आणि आपली अ‍ॅम्बॅसेडर ही मूळची मॉरिस ऑक्सफर्ड. १९५२ साली ऑस्टिन व मॉरिस ही दोन्ही घराणी एकत्र आली आणि त्यानंतर 'बी' मालिकेचे एकच इंजिन त्यांच्या अनेक गाड्यांत बसू लागले. अ‍ॅम्बॅसेडरमध्ये ते १,४८९ घनसेंटिमीटरचे होते, एम.जी.बी.मध्ये १,७९८चे. एम.जी.बी. इंग्लंडातील अ‍ॅबिंग्डन येथे १९६२ ते १९८० या काळात पाच लाखांहून अधिक संख्येने तयार झाली, व त्यांतील पुष्कळशा अमेरिकेत आल्या. अ‍ॅम्बॅसेडर बंगालमधील उत्तरपाडा येथे २०१४ पर्यंत निघत होती. एक ऐटबाज आणि दुसरी घरंदाज. पण दोघी बहिणीच.

डी.एड.च्या वर्गात आम्हांला अध्यापनाचे सूत्र शिकविले होते : ज्ञाताकडून अज्ञाताकडे जावे. मला ज्ञात होती ती मामांची अ‍ॅम्बॅसेडर. तेवढ्या शिदोरीवर मी या अज्ञाताकडे निघाले.

जुनी मोटार घेणाऱ्याने पहिल्या दिवशी रंगाकडे पाहू नये. जमिनीवर आडवे होऊन खाली पाहावे. या मोटारीला बसच्यासारखा वेगळा सांगाडा नाही. तिचा पत्रा हाच तिचा सांगाडा. त्यातून ती उघडी. बंद मोटारीत छपराचा पत्रा पुढचा व मागचा भाग बांधून धरतो. येथे छप्पर नसल्याने सारा भार दारांखालच्या दोन पोकळ पट्ट्यांवर येतो. मिस्त्री त्यांना 'सिल' म्हणतात. मी त्यांना उंबरठे म्हणते, कारण घराचे वासे उंबरठ्यावर उभे नसले तरी या मोटारीचे आहेत. हिवाळ्यात येथील रस्त्यांवर बर्फ वितळावे म्हणून मीठ टाकतात. ते मीठ पाण्याबरोबर या पोकळीत शिरते आणि पत्रा आतून खाते. बाहेरचा रंग मात्र चकचकीत राहतो.

याची परीक्षा सोपी आहे. दार लावून त्याच्या कडेची फट नीट पाहावी. मग उंबरठ्याखाली जॅक लावून ती बाजू हळूहळू उचलावी. फट जशीच्या तशी राहिली तर ठीक. ती बदलू लागली, किंवा दार उघडेनासे झाले, तर गाडी मधोमध वाकत आहे असे समजावे. ही परीक्षा मी विकत घेण्यापूर्वीच केली. उजवी बाजू वाकली. त्या गृहस्थांना मी ते दाखविले, त्यांनी प्रांजळपणे मान्य केले आणि किंमत कमी केली. त्यामुळे पुढे काय वाढून ठेवले आहे याची मला कल्पना होती.

खरा प्रश्न त्यानंतर उभा राहिला. जवळच्या एका वर्कशॉपमधील मालकाने गाडी पाहिली व म्हणाला, "सातशे डॉलर द्या. भोकांवर जाळी बसवितो, वर लांबी भरतो, रंग मारतो. कोणाच्या बापाला कळणार नाही." कळले नसते हे खरे. या राज्यात पंचवीस वर्षांहून जुन्या गाडीला 'ऐतिहासिक' म्हणून वेगळी नंबरपाटी मिळते. अशी गाडी प्रदर्शनासाठी व शैक्षणिक प्रयोजनासाठीच वापरावयाची असते, आणि तिला नेहमीची सरकारी तपासणी माफ असते. म्हणजे माझ्या गाडीखाली डोकावून पाहणारा अधिकारी कोणीही नव्हता.

माझा मुलगा व्यवहारी आहे. तो म्हणाला, "आई, लांबी भर, एक उन्हाळा हौस फेड आणि विकून टाक." मी त्याला विचारले, "कोणाला विकू?" तो गप्प बसला. घेणारा कोणीतरी असणारच. बहुधा एखादा कोवळा मुलगा, शेजारी मैत्रिणीला बसवून निघणारा. अपघाताचा धक्का बसला असता लांबी काही धरून ठेवीत नाही. ज्या गाडीची तपासणी सरकार करीत नाही, तिची तपासणी मालकाच्या माथी येते. आणि तो मालक मी होते. शाळेत परीक्षेच्या वेळी पर्यवेक्षक बाहेर गेले की मुलांची खरी परीक्षा सुरू होते, हे इतकी वर्षे मी पाहत आले आहे.

सातशेच्या जागी ४,८०० डॉलर लागले. दोन वर्षे आम्ही भारतात गेलो नाही, त्याचे हे एक कारण. काम एका वयस्क वेल्डरने केले. त्याने उजवा उंबरठा कापला तेव्हा आत पूर्वीच्या कोणीतरी कोंबलेली जाळी, तिच्यावर लांबी आणि लांबीखाली पुन्हा गंज निघाला. ज्याने ते केले त्यालाही वाटले असेल की कोणाला कळणार नाही. नवे पत्रे मिळविणे कठीण गेले नाही. इंग्लंडातील ब्रिटिश मोटर हेरिटेज ही संस्था १९८८पासून या गाडीचा संपूर्ण सांगाडादेखील नव्याने करून देत आली आहे. जोडकाम मात्र सावकाश करावे लागते. दाराच्या चौकटीत आडव्या लोखंडी पट्ट्या ठोकून गाडी ताठ धरावयाची, एकच बाजू कापावयाची, ती पुरी झाल्यावरच दुसरीला हात लावावयाचा. घाई केली तर वाकडी गाडी कायमची वाकडीच जोडली जाते.

उंबरठे झाल्यावर क्रम लागला ब्रेकचा. गाडी चालू करण्याआधी ती थांबेल याची खात्री करावी. ब्रेकचे तेल हवेतील ओल शोषून घेते, म्हणून ते दर दोन वर्षांनी बदलावे. रबरी नळ्या बाहेरून धडधाकट दिसल्या तरी आतून फुगतात. मग पाय काढला तरी ब्रेक सुटत नाही. मी सर्व नळ्या नव्या घातल्या. पेट्रोलच्याही बदलल्या, कारण येथील पेट्रोलमध्ये बहुधा दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि जुन्या रबराला ते सोसत नाही. टायरांची नक्षी खोल होती, पण बाजूवर '३६०९' हे आकडे होते. म्हणजे २००९ सालच्या छत्तिसाव्या आठवड्यात घडविलेले टायर! रबर म्हातारे झाले की नक्षी खोल असली तरी पकड राहत नाही. चारही काढले.

इंजिनाचे काम मी स्वतः करते आणि त्यात मला परमानंद होतो. चार सिलिंडरांचे आठ व्हॉल्व्ह. प्रत्येकाच्या टोकाशी पंधरा सहस्रांश इंचाची फट राखावयाची, तीही इंजिन थंड असताना. मामांनी मला त्याची युक्ती सांगितली होती : नऊची बेरीज. आठवा व्हॉल्व्ह पूर्ण दबलेला असताना पहिल्याची फट मोजावी, सातवा दबला असताना दुसऱ्याची, सहावा दबला असताना तिसऱ्याची. दोन्ही आकडे मिळून नेहमी नऊ. अ‍ॅम्बॅसेडरला तोच नियम, एम.जी.बी.लाही तोच. गेल्या वर्षी ही बेरीज मी माझ्या वर्गाला फळ्यावर करून दाखविली आणि नंतर शाळेच्या आवारात गाडीवर. 'शैक्षणिक प्रयोजन' याहून निराळे ते काय असते?

दोन काब्युरेटर आहेत. दोघांनी सारखी हवा ओढावी लागते. रबरी नळीचे एक टोक कानाशी व दुसरे काब्युरेटरच्या तोंडाशी धरून दोघांचा फुसफुसाट ऐकते आणि सारखा होईपर्यंत स्क्रू फिरविते. बॅटऱ्या बसण्याच्या जागेमागे तळात दडलेल्या, सहा सहा व्होल्टच्या दोन. नजरेआड असल्यामुळे त्या दुर्लक्षिल्या जातात, म्हणून महिन्याला एकदा झाकण उघडून पाहते.

तेलाविषयी आपल्या लोकांना मी काय सांगावे? कोकणात आपले पूर्वज घाण्यावर तेल काढीत आणि शनिवारी घाणा बंद ठेवीत, म्हणून गावकरी त्यांना शनिवार तेली म्हणत. माझ्या हातांना रविवारी संध्याकाळी येणारा वास तिळाचा नसतो एवढाच फरक. शनिवारी मात्र आमचेही गॅरेज बंद. या जुन्या इंजिनाला जस्ताचा अंश अधिक असलेले दाट तेल लागते. आधुनिक तेलांतून तो कमी केलेला आहे. तेच तेल गिअरबॉक्सलाही चालते. पुढच्या चाकांच्या सांध्यांना ग्रीसची निप्पले आहेत. दर तीन हजार मैलांनी तेथे ग्रीस भरावे. मीठ पडू लागले की गाडी झाकून ठेवते. वसंतात पावसाने रस्ते धुऊन निघाल्यावरच बाहेर काढते.

रंग अजून जुनाच आहे. डाव्या मडगार्डवर पोपडे आले आहेत. टपाला दोन ठिगळे मी घरच्या शिवणयंत्रावर लावली. पाहणारे हसतात. पैसे साठतील तेव्हा रंगही होईल; त्याचा क्रमांक शेवटचा होता आणि आहे. एखाद्या वाचकाला अशी गाडी घ्यावयाची असेल तर माझा सल्ला इतकाच की किमतीएवढीच दुसरी रक्कम हाताशी ठेवावी आणि ती आधी न दिसणाऱ्या भागांवर खर्चावी.

मुलाचे मतही थोडे बदलले आहे. गेल्या उन्हाळ्यात तो रविवारी येऊन पाने हातात देऊ लागला. परवा त्याने फिलर गेज माझ्या हातून घेतले आणि म्हणाला, "तू फक्त आकडा सांग." मी "पाच" म्हटले, त्याने पुढचा आकडा न विचारता चौथा व्हॉल्व्ह दाबून पाचव्याची फट मोजली.

गाडीच्या खणात मी एक वही ठेविली आहे. कोणत्या तारखेला, किती मैलांवर, काय बदलले, हे तीत लिहिते. उंबरठे कापले असता आत काय आढळले तेही लिहिले आहे, छायाचित्रांसह. डाव्या पानावर मराठी, मामांच्या शब्दांत. उजव्या पानावर तेच इंग्रजीत, कारण माझ्यानंतर ही गाडी कोणाकडे जाईल ते मला ठाऊक नाही, आणि ज्याच्याकडे जाईल त्याला ते वाचता आले पाहिजे.